तुझ्या वाटीत किती पाणी मावतं?

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र तीनदा वाचलं. कुकर करपला, डाळीचा कोळसा झाला, आणि त्यानंतरचे एकोणीस दिवस तू ब्रेड आणि दह्यावर काढलेस, हे सगळं तू तारखांसकट लिहिलंस ते बरं केलंस. आईला मात्र फोनवर ‘वरणभात खाल्ला’ असं सांगतोस. त्यावर मी काही बोलणार नाही. मीही पुण्यात आल्यावर दोन वर्षं हेच केलं.

आधी कुकरचं. आईने ‘चार शिट्ट्या कर’ सांगितलं, म्हणून तू पंचवीस मिनिटं चार शिट्ट्यांची वाट बघत ओट्यापाशी उभा राहिलास. शिट्टी एकही झाली नाही आणि सेफ्टी व्हॉल्व्ह गेला. तुझ्या मते तू मूर्ख आहेस. माझ्या मते रिंग सैल होती. वाफ झाकणाच्या कडेने निसटत राहिली, आत दाब धरलाच नाही, तळाचं पाणी आटलं आणि आतला लवकर वितळणारा मिश्रधातू वितळून व्हॉल्व्हने आपलं काम चोख केलं. तूही सांगितलेलं काम चोख केलंस. सूचनाच अर्धवट होती. ‘पाच-सात मिनिटांत पहिली शिट्टी नाही झाली तर गॅस बंद कर, कुकर गार होऊ दे आणि रिंग बघ,’ हे वाक्य आईला म्हणायची गरजच वाटली नाही, कारण तिच्या डोक्यात ते न बोलता असतं. आपल्यासारख्या ऑटिस्टिक माणसांच्या डोक्यात नसतं. ते लिहावं लागतं.

‘साधं वरण, त्यात काय एवढं,’ असं आई म्हणाली ना? हे मीही ऐकतच मोठी झाले. एकदा रागाने मी वही घेतली आणि वरणात काय काय करावं लागतं ते लिहून काढलं. डाळीचा डबा खाली काढण्यापासून फोडणीची पळी पाण्याखाली धरेपर्यंत एकतीस कामं निघाली. त्यातली सहा तर नुसती ‘थांबणं’ आहेत, आणि थांबताना दुसरंच काहीतरी करायचं असतं, ते करताना पहिलं विसरायचं नसतं. जिथे आपली गाडी अडते ती हीच जागा. ती वही माझ्याकडे अजून आहे. हळदीचे डाग पडलेत, पण एकतीस ओळी वाचता येतात.

आता मुख्य गोष्ट सांगते, म्हणजे अंदाजाची.

मराठी स्वयंपाकाची भाषा आपल्यासारख्यांच्या जिवावर उठलेली आहे. चवीपुरतं मीठ. मावेल तेवढं पीठ. कच्चा वास जाईपर्यंत. कडेने तेल सुटेपर्यंत. कांदा गुलाबी होईपर्यंत. अरे, कांदा आधीच गुलाबी असतो! विसाव्या वर्षी मी माझ्या आईला विचारलं होतं की मग थांबायचं कधी, तर तिला वाटलं मी चेष्टा करते. किती घालायचं म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘हाताला कळतं गं.’ माझ्या हाताला कधी कळलं नाही. तीस वर्षं मला वाटत होतं की इतर बायकांना जन्मतः एक जास्तीचं इंद्रिय मिळतं आणि माझ्या वाटणीला ते आलं नाही.

चारेक वर्षांपूर्वी दिवाळीत साताऱ्याला गेले, तेव्हा सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा सोबत नेला. आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. ती आमटीला मीठ घालणार एवढ्यात मी तिचा हात धरला आणि म्हटलं, आमटीत नको, या वाटीत घाल. तिने घातलं. पुन्हा घाल म्हटलं. असं सात वेळा. ‘वेड लागलंय का तुला,’ म्हणाली, पण घातलं. तीन बोटं आणि अंगठा, मनगटाला एक हलकी झटक, दर वेळी तीच. वजनं मी दिनदर्शिकेच्या मागे लिहिली: ४.२, ४.४, ४.१, ४.३, ४.२, ४.५, ४.२ ग्रॅम. सात चिमटींत अर्ध्या ग्रॅमचाही फरक नाही. मी तिला आकडे दाखवले. चष्मा लावून तिने ते बघितले, मग आपल्या बोटांकडे बघितलं आणि म्हणाली, ‘म्हणजे मी मोजतच होते की.’

त्या दिवसापासून माझा अंदाजावरचा राग गेला. तिचा काटा बोटांत आहे, साठ वर्षांच्या सवयीने तयार झालेला. माझा बॅटरीवर चालतो. तुलाही एक घे. मिठाचा माझा हिशोब असा: पाण्यासकट तयार पदार्थाच्या शंभर ग्रॅमला एक ग्रॅम. पापड-लोणचं सोबत असेल तर थोडं कमी. पातेल्याचं वजन वजा करायला हवं, म्हणून माझ्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय: लहान पातेलं ३१२, मोठं ५४०, कढई १,१८०. पाहुणे तो कागद बघून हसतात आणि मग आमटी दोनदा घेतात.

तसंच ‘गुलाबी’चं. माझ्या कढईत, मधल्या आचेवर, एक मध्यम कांदा, दोन चमचे तेल: सात मिनिटं. तुझ्या कढईत सहा लागतील किंवा नऊ. एकदा घड्याळ लावून बघ आणि लिहून ठेव. लिहिलेलं पुढच्या वेळी पुन्हा शोधावं लागत नाही, आणि दमलेल्या दिवशी हेच कामाला येतं.

आवाजाबद्दल तू विचारलंस. शिट्टी मलाही सहन होत नाही. ती यायच्या आधीची फुरफुर तर जास्तच, कारण ‘आता होईल, आता होईल’ म्हणत सगळं अंग आवळून बसतं. पण शिट्ट्या हे काही वेळेचं माप नव्हे. आच मोठी असेल तर चार शिट्ट्या पाच मिनिटांत होतात, बारीक असेल तर पंधरा मिनिटांतही होत नाहीत. डाळ शिजते ती आतल्या दाबाने: बंद कुकरात पाणी शंभरऐवजी साधारण १२० अंशांवर उकळतं म्हणून. तेव्हा पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक कर आणि बारा मिनिटांचा गजर लाव. त्या आचेवर दुसरी शिट्टी सहसा येतच नाही. मग गॅस बंद, आणि दाब आपोआप उतरेपर्यंत झाकणाला हात नाही. पहिल्या शिट्टीसाठी मी बांधकामावर वापरतात तसले कानांवरचे मफ घालते आणि मनगटावर थरथरणारं घड्याळ बांधते. कान झाकलेले असताना ओटा सोडायचा नाही, एवढा नियम पाळ. पैसे जमले की विजेवरचा कुकर घे. तो शिट्टी मारत नाही, दाब आणि वेळ स्वतः सांभाळतो. त्याला ऐषाराम म्हणणाऱ्यांना तो वापरावा लागत नाही.

माझं ऑटिझमचं निदान २०१६ मध्ये झालं, त्रेचाळिसाव्या वर्षी. डॉक्टरीणबाईंनी आवाज, वास, कपड्यांची लेबलं, जिभेला काय चालतं, हे इतकं बारकाईने विचारलं की मला रडूच आलं. नंतर कळलं की निदानासाठी जी अमेरिकन पुस्तिका जगभर वापरतात तिच्या निकषांत संवेदनांचा हा मुद्दा २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत आला. आमच्या घरी त्याआधी हे सगळं ‘नखरे’ या एका शब्दात बसायचं. आणि हो, ‘स्वमग्न’ हा शब्द मला आवडत नाही. मी स्वतःत कधी मग्न नसते. मी तांदळात मग्न असते.

तांदळाचं थोडं सांगू दे, थांबवू नकोस. तू लिहिलंस की भात ‘कधी गोळा, कधी खडे’ होतो आणि खडे दाताखाली आले की ताट बाजूला सरतं. बहुतेक तू मिळेल तो तांदूळ आणतोस. कोलम मोकळा होतो. इंद्रायणी चिकट होतो. आंबेमोहोराचा संकर करून मावळात वडगावच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये आणलेलं वाण आहे ते, मऊ आणि वासाचं. एक निवड आणि निदान तीन महिने तोच आण. नवा तांदूळ कमी पाणी पितो, जुना जास्त, म्हणून नवी पिशवी फोडली की पहिला भात छोटा लाव आणि पाण्याचं माप पुन्हा ठरव. दोन दिवसांचा एकदम करणार असलास तर उरलेला भात पसरट डब्यात काढून तासाभरात फ्रीजमध्ये टाक. भातातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात ओट्यावर कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी केलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताला फोडणी देऊन खाणारी पिढी आपल्यासमोर धडधाकट उभी आहे हे मला माहीत आहे. तरी फ्रीजमध्ये टाक.

भेंडी धुऊन पूर्ण कोरडी करून मगच चिर आणि परतताना दोन आमसुलं टाक, तार सुटत नाही. टोमॅटोची साल नको असेल तर किसणीवर किस, साल हातात राहते. वांगं नको तर नको. वांगं न खाता माणूस मोठा होतो.

फोडणीत आवाज, उडणारं तेल, धूर आणि ठसका हे सगळं एका मिनिटात अंगावर येतं. मी ती रविवारी एकदाच करते, सकाळी, डोकं ताजं असताना, खिडक्या उघडून: तेल, मोहरी, हिंग, हळद. गार झाली की कोरड्या काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये. आठवडाभर वरणावर चमचाभर घालायची. लसूण आणि कढीपत्ता त्यात घालून ठेवायचा नाही. ओलं काही तेलात मुरत ठेवणं धोक्याचं.

पदार्थ एकमेकांना लागलेले चालत नाहीत, हे तू ओशाळून लिहिलंस. आपल्या ताटाकडे नीट बघितलंस का कधी? मीठ वर मधोमध. लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे. भाजी उजवीकडे. पातळ असेल ते वाटीत. भाताची मूद मधे, तिच्यावर वरण आणि तूप. पंगतीत चटणी उजवीकडे पडली तर माझी आजी वाढणाऱ्याला परत पाठवायची. तिला कुणी नखरेल म्हटलं नाही. तू खणांचं स्टीलचं ताट घे, चाळीसेक वर्षं मेसमध्ये जे चालतं ते घरात का चालू नये.

रोज तेच खाण्याबद्दल. मी एकदा अकरा महिने रात्री मेतकूट, मऊ भात आणि तूप खाल्लं आणि मजेत होते. पण तुझं ब्रेड-दही वेगळं आहे, तुला ते आवडतही नाही, तू लिहिलंयस. यादी छोटी असली तर चालते. यादी आटत चालली असेल, वजन उतरत असेल, तर डॉक्टरांकडे जा आणि खाण्याचा तक्ता सोबत ने. फार मोजकं खाणाऱ्या ऑटिस्टिक मुलांना क जीवनसत्त्वाअभावी स्कर्व्ही झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. जुन्या काळी दर्यावर्दींना व्हायचा तोच आजार. मी वर्षातून एकदा रक्त तपासते, बी-१२, लोह, डी. यादीत भर घालायची तर एका वेळी एकच गोष्ट बदल. मेतकूट तेच ठेवून तांदूळ बदल, किंवा उलट.

भूक लागल्याचं मला कळत नाही. चिडचिड झाली आणि हात गार पडले की कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून दुपारी १:१० आणि रात्री ८:२० ला गजर. चटका बसल्याचंही नीट कळत नाही. एकदा तव्याच्या कडेला मनगट टेकलं होतं, फोड दुसऱ्या दिवशी कपडे धुताना दिसला. गॅसवरचा प्रत्येक कान आणि दांडा तापलेलाच आहे असं धरून चालायचं. सांडशी कायम एकाच खिळ्याला.

काही दिवस बोलणंसुद्धा जमत नाही, तुला माहीत आहेत ते. त्यांच्यासाठी एक फळी वेगळी ठेव: सातूचं पीठ, गूळ, चुरमुरे, राजगिऱ्याचे लाडू, खजूर. सातूचं पीठ भाजलेल्याच धान्याचं असतं, दुधात गूळ घालून कालवलं की झालं. गॅस पेटवायचा नाही. पोळ्या तर मी बाहेरूनच आणते, अकरा वर्षं झाली. चिकट कणीक बोटांना लागली की मला सुचेनासं होतं. पोळी-भाजी केंद्राच्या काकू मला बघितल्यावर न विचारता पाच बांधतात, आणि त्यांनी ‘आज चारच का?’ असं कधी विचारू नये म्हणून मी कधी चार मागितल्या नाहीत.

आईला फोनवर सांगण्याऐवजी ताटाचा फोटो पाठव, ब्रेड असला तर ब्रेडचा. आणि या दिवाळीला घरी काटा ने.

रविवारी मी अकरानंतर मोकळी आहे. बेल शोधू नकोस, मी काढून टाकली आहे. खाली आलास की मेसेज कर. करपलेला कुकर आण, रिंग आणि व्हॉल्व्ह बघू. आणि तुझी रोजची वाटी आण. माझ्या वाटीत १५० मिली मावतं, आईच्या १८५, आणि आम्ही दोघी वीस वर्षं ‘एक वाटी डाळीला अडीच वाटी पाणी’ असं एकमेकींना फोनवर सांगत होतो, डाळ तिच्या वाटीने आणि पाणी माझ्या. तुझ्या वाटीत आधी पाणी भरून बघू. डाळ नंतर.

तुझी,
मावशी