शाळेतला फिनेलचा वास

प्रश्न: ताई, आमच्या शाळेची सफाई यंदा माझ्याकडे आलीय. संडासात ॲसिड, वर ब्लिचिंग पावडर, मग काळं फिनेल, मावशींना ठसका लागतो नि पोरं नाक धरून पळतात. इको-फ्रेंडली करायचंय पण बजेट तेवढंच, सुरुवात कुठून करू?

उत्तर: ॲसिड नि ब्लिचिंग एकत्र वापरणं आजच बंद करा, त्यातून क्लोरीन वायू सुटतो, मावशींचा ठसका बहुतेक त्याचाच. संडासाच्या भांड्यावरच्या क्षाराच्या थराला किराणा दुकानातलं लिंबूसत्व कोमट पाण्यात कालवून लावा, अर्धा तास तसंच राहू द्या, मग ब्रश मारा. पण फरशी कोटा किंवा संगमरवर असेल तर तिच्यावर हे नको हं, आणि व्हिनेगर तर नकोच, आंबट लागलं की चमक गेलीच! फरशीला न्यूट्रल लिक्विड (म्हणजे आम्लही नाही नि अल्कलीही नाही असं), तेही बाटलीवर लिहिलंय तेवढंच, आपल्याकडे फेस आला म्हणजेच स्वच्छ असं डोक्यात बसलंय म्हणून अर्धी बाटली ओततात, तुमचं बजेट तिथेच वाचेल. दारात लांब पायपुसणं टाका, बरीचशी माती आतच येणार नाही. मायक्रोफायबरची फडकी घ्या, संडासाला लाल, वर्गाला निळी, नाहीतर एकच फडकं सगळीकडे फिरतं (आमच्या ऑफिसात फिरायचं, पॅन्ट्रीतसुद्धा).