आठवीतल्या पोरीची पाळी लांबली तर

“ताई, पोरीचं काई वाकडंतिकडं तर नसन ना?” पाळी लांबलेल्या मुलीला घेऊन येणाऱ्या बहुतेक आयांच्या मनात हाच प्रश्न असतो, फक्त तो ओठांवर यायला वेळ लागतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या मायनं तो मुलीला बाहेर पाठवून, दार लोटून विचारला.

मुलगी तेरा वर्षांची. पहिली पाळी पोळ्याला आली, दुसरी कोजागिरीला, आणि आता दीड महिना काहीच नाही. शेजारणीनं चौकशी केली, आजीनं कुजबुज केली, मग मायनं पोरीलाच दटावून विचारलं. तेव्हापासून पोरगी घरात तोंड उघडत नव्हती.

आधी हिशेब पाहू. पोळा ते कोजागिरी साधारण 44 दिवस होतात. सुरुवातीची दोन-तीन वर्षं 21 ते 45 दिवसांचं अंतर सर्वसाधारण धरतात, आणि एखादी पाळी याहूनही लांबते. कारण या वयात मेंदूतल्या ग्रंथी आणि अंडाशय यांचा मेळ अजून बसायचा असतो. अंडाशयातून स्त्रीबीज दर महिन्याला सुटत नाही. ज्या महिन्यात ते सुटत नाही, त्या महिन्यात गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं आणि उशिरा, कधी जास्त प्रमाणात बाहेर पडतं. शिवाय बऱ्याच घरी पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाल्यापासून दिवस मोजतात. मोजायचं ते रक्त दिसलं त्या पहिल्या दिवसापासून, पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीचा एक ठिपका पुरतो.

मग मुलीशी एकटीशी बोलणं झालं. प्रश्न विचारण्याआधीच तिला सांगितलं की इथलं बोलणं आईपर्यंत जाणार नाही, पण कुणी तिला त्रास दिला असेल तर ते लपवता येणार नाही, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवावंच लागतं. हे नंतर सांगणं म्हणजे मुलीचा विश्वासघात आहे. तसं काही घडलं नव्हतं. तिचं दुखणं वेगळंच निघालं. शाळेच्या संडासाला कडी नाही, पाणी नाही, म्हणून सकाळी घेतलेली कापडाची घडी ती संध्याकाळी घरी येऊनच बदलायची. धुतलेलं कापड खोलीतल्या दोरीवर परकराखाली वाळत असे. मांड्यांत खाज होती, आणि दोन जिने चढले की दम लागत होता.

पुढच्या भेटीला आजीही आली. पाळीत पोरगी पडवीत बाजूला बसते, हा घरचा नियम. त्यावर वाद घातला असता तर पोरगी पुन्हा आलीच नसती. देवघराचं तुम्ही ठरवा, पण बाजेवर कोरडी गोधडी, पोटभर जेवण, रोज आंघोळ आणि कापडाला ऊन यात कसर नको, एवढंच आजीकडून मागून घेतलं. आजीला ते पटलं. अडलं ते उन्हापाशी, कारण अंगणात पुरुषमाणसं. शेवटी घरामागच्या कुडाशी दोरी बांधायचं ठरलं, तिथं दुपारचं कडक ऊन पडतं. वरून दुसरं कपडं टाकायचं नाही, नाहीतर ओल आत राहते, बुरशी धरते आणि तीच खाज परत येते. कापड आधी थंड पाण्यात भिजवायचं, गरम पाण्यानं रक्ताचा डाग पक्का बसतो. नंतर साबण लावून खळखळून धुवायचं. घडी किंवा पॅड दर चार ते सहा तासांनी बदलायचं, म्हणून दप्तरात दोन कोऱ्या घड्या आणि वापरलेलीसाठी एक प्लास्टिकची पिशवी. शाळेच्या संडासाच्या कडीचं मायनं तिथल्या बाईंच्या कानावर घातलं.

दमाचं कारण रक्त तपासल्यावर कळलं. हिमोग्लोबिन 9.4, या वयात ते निदान 12 हवं. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू करण्याआधी ती तपासणी करून घेतली. ती निगेटिव्ह आली. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती मळमळते म्हणून फेकून देत होती, कारण उपाशीपोटी घेत होती. गोळी जेवणानंतर घ्यायची, सोबत लिंबू चालतं, चहा मात्र तासभर आधी-नंतर नको. शौचाला काळं होतं, त्याला घाबरायचं नाही. आता रोजची मात्रा डॉक्टरांनी ठरवून दिली आहे.

मायला एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा सांगावी लागली. “काय केलंस?” असं विचारलं की पोरगी गप्प होते. “किती दिवस झाले वं, पोट दुखते का?” असं विचारलं की बोलते.

तिसरी पाळी 72 व्या दिवशी आली. 90 दिवस उलटले असते तर डॉक्टरांकडे पाठवलंच असतं. रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त चालला, तासा-दोन तासाला घडी भिजू लागली, दुखण्यानं शाळा बुडू लागली किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पहिली पाळी आली नाही, तर वाट पाहू नये. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या मैत्री क्लिनिकमध्ये, म्हणजे किशोरवयीन मुलामुलींसाठीच्या दवाखान्यात न्यावं, आणि जाताना ते ठिपक्यांचं कॅलेंडर सोबत घ्यावं.