घाटातल्या सायकल शर्यतीत चढावर पाय भरून येतात, काय करावं?

पेडलजवळच्या पुढच्या चक्रीला ३९ आणि मागच्या चाकाच्या सर्वांत मोठ्या चक्रीला २५ दात असतील, तर पुण्याजवळच्या बोपदेव घाटात पाय भरणारच. दोष ताकदीचा नाही, गियरचा आहे. पुढे ३४, मागे ३२ लावा: मिनिटाला ७० पेडल मारलीत तरी वेग ताशी साधारण ९ किमी राहतो, गुडघे वाचतात. मात्र तुमच्या डिरेल्युअरला (चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाला) ३२ दात झेपतात का, ते आधी मेकॅनिककडून बघून घ्या. चेनही लांब लागू शकते. गियर चढाआधीच हलका करा, जोर देताना बदलला की चेन निसटते. सुरुवातीला घोळक्यामागे अजिबात पळू नका.

उतारावर रिम ब्रेक (चाकाच्या कडेला, म्हणजे रिमला घासणारे ब्रेक) सतत दाबून ठेवले तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. म्हणून वळणाआधीच वेग कमी करा.