तो मेसेज आधी ऐक

पत्र: ताई, मी नाशिकची, वय ४३. आई गेल्यावर तिच्या पाटल्यांवरून माझं आणि धाकट्या बहिणीचं वाजलं. ती ठाण्याला असते. तेव्हापासून नुसते डावपेच. ती 'असू दे' म्हणते, मी 'बरं' म्हणते. जी आधी फोन करेल ती हरली. एरिक बर्न या मनोविकारतज्ज्ञाबद्दल वाचलं आणि पटलं, माणसांचं सगळं बोलणं खेळच असतो. मी ब्लू टिक बंद करून टाकल्यात. संक्रांतीला तिचा चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला होता, तो ऐकलेला नाही, कारण ऐकला की तिला कळतं. या खेळातून बाहेर कसं पडू?

उत्तर: पाटल्या राहू देत. तुझ्या पत्रात मी अडकले ते त्या चार मिनिटांपाशी.

ब्लू टिक बंद केल्या तरी व्हॉइस मेसेज ऐकला की त्यावरचा माइक पाठवणाऱ्याला निळा दिसतोच. ती सोय बंद करता येत नाही, हे तुला नीट माहीत आहे. म्हणजे तिला तेवढंही कळू नये म्हणून तू सख्ख्या बहिणीचा आवाज न ऐकता ठेवून दिलास. मला याचा राग आला, खरंच सांगते.

जिला डाव जिंकायचा असतो ती चार मिनिटं बोलत नाही. संक्रांतीला तीळगुळाचं आयतं चित्र पुढे ढकललं की काम भागतं, निम्मं गाव तेच करतं. तुझी बहीण बोलली. पुसून टाकायची सोय असताना पुसलं नाही, पाठवलं. त्या घडीला तिने खेळ सोडला होता. तेव्हापासून एकटी तू खेळते आहेस.

आणि बर्नच्या नावावर हे खपवू नकोस. त्याचं या विषयावरचं पुस्तक आलं १९६४ साली. सगळं बोलणं खेळ असतं, असं तो म्हणत नाही. माणसं एकमेकांच्या सहवासात वेळ कसा घालवतात, याच्या त्याने सांगितलेल्या प्रकारांतला खेळ हा एक. 'जेवण झालं का?' 'झालं, तुमचं?' ही त्याच्या लेखी रीत, खेळ नव्हे. आणि आडपडदा न ठेवता मनातलं बोलणं, ती जवळीक, त्याने खेळापासून वेगळीच काढली आहे. त्याचं एक म्हणणं मात्र तुला लागू पडतं: डावाच्या शेवटी खेळणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडतंच, बहुतेक वेळा जुन्या ओळखीची एखादी भावना. तुझ्या पदरात काय पडतं? 'मला कोणी विचारत नाही.' मेसेज ऐकलास तर हे म्हणता येणार नाही, म्हणून तू तो ऐकत नाहीस. तिने विचारलंय गं!

आज घरचे झोपले की ऐक. दीडपट वेगाने नको, मधलं सरकवूनही नको. ती रडली असेल, कदाचित तुला चार शब्द सुनावलेही असतील. शेवटपर्यंत ऐक. उत्तर टाइप करत बसू नकोस, सकाळी फोन लाव. 'आज बरी आठवण झाली' असं ती म्हणेल. म्हणू दे. 'तुझा मेसेज काल ऐकला, आधी ऐकायला हवा होता' एवढं सांग आणि तिला बोलू दे. पाटल्यांचा विषय तिने काढला तरी फोनवर बोलायचं नाही. त्यासाठी ठाण्याला जा, तूच जा, तू थोरली आहेस.