गणपतीच्या आधी गाडी दारात हवी, पण पैशाचं गणित बसतंय का?

ताई, तुमचा मेल दोनदा नीट वाचला. इतरांनाही उपयोग होईल म्हणून आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. राजापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तुम्ही शिक्षिका, हातात पगार ४८,०००, सगळा खर्च जाऊन महिन्याला ९,००० च्या आसपास उरतात. मिस्टरांची कलमं आहेत, आंब्याचे मे-जूनमध्ये एकरकमी सव्वा ते दीड लाख येतात पण दरवर्षी भरवसा नाही. बचत खात्यात १ लाख ६० हजार, एफडी ३ लाखांची. सासऱ्यांना महिन्यातून दोनदा रत्नागिरीला तपासणीला न्यावं लागतं आणि प्रत्येक वेळी भाड्याच्या गाडीला ३,००० जातात. कोल्हापूरच्या एका डीलरकडे २०१८ ची वॅगनआर बघितलीय, पेट्रोल, ठाण्याचं पासिंग, सेकंड ओनर, ६२,००० किलोमीटर, किंमत ३ लाख ८५ हजार. डीलर म्हणतो ८५ हजार भरा आणि बाकी ३ लाखांचं लोन १४ टक्क्याने पाच वर्षांसाठी करून देतो. दुसरी, नाटे गावच्या एका ओळखीच्या माणसाची २०१४ ची डिझेल स्विफ्ट २ लाख २० हजारात. आणि दीर मुंबईहून गणपतीला येणार, त्याच्या आधी गाडी दारात हवी असं घरचं म्हणणं.

पहिलं सांगतो, गाडी घ्या. हा चैनीचा खर्च नाही. महिन्याला सहा हजार तुम्ही आत्ताही गाडीवरच घालवताय, फक्त ती दुसऱ्याची आहे, आणि रात्री-अपरात्री सासऱ्यांना त्रास झाला तर तीही मिळेल की नाही सांगता येत नाही. पण डीलरच्या त्या लोनवर घेऊ नका, आणि गणपतीच्या आधी तर नकोच.

लोनचं आधी बघूया कारण खरे पैसे तिथेच जातायत. ३ लाख, १४ टक्के, पाच वर्षं, हप्ता बसतो ६,९८० च्या आसपास. ऐकायला बरं वाटतं ना, सात हजाराच्या आत. पण साठ हप्ते मिळून भरणार ४ लाख १८ हजार, म्हणजे १ लाख १८ हजार नुसतं व्याज, आणि तेव्हा गाडी तेरा वर्षांची झालेली असेल. वर प्रोसेसिंग फी, आणि डीलर जी इन्शुरन्स पॉलिसी माथी मारेल ती वेगळीच.

तुमच्याच मेलमध्ये तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेलात की शिक्षक पतपेढीचं कर्ज साडेनऊ टक्क्याने मिळतं पण ते घरासाठी ठेवलंय. ताई, ते गाडीसाठी वापरा. २ लाख पतपेढीचे तीन वर्षांसाठी घेतले तर हप्ता ६,४०० च्या आसपास येतो आणि एकूण व्याज ३१ हजाराच्या आत. बचत खात्यातले १ लाख घाला, ६० हजार तिथेच राहू देत. उरलेले १ लाख एफडी न मोडता, एफडीवर ओव्हरड्राफ्ट घेऊन, म्हणजे एफडी तारण ठेवून बँकेकडून उचल. बँका एफडीच्या साधारण ९० टक्क्यांपर्यंत देतात आणि व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त लागतं, तुमची एफडी ७ टक्क्याची आहे म्हणजे ८-९ धरा. जेवढे वापरले तेवढ्यावरच आणि तेवढ्याच दिवसांचं व्याज, आंब्याचे पैसे आले की पहिले तिथे भरून टाका, सात-आठ महिन्यांचं व्याज पाच-सहा हजार होईल. असे झाले ४ लाख. गाडीसाठी जास्तीत जास्त ३ लाख ६५ हजार आणि ३५ हजार हातात. हे ३५ हजार सोडू नका, जुनी गाडी घरी आली की पहिल्या दोन महिन्यांत ते लागतातच, चार टायर म्हणजे पंधरा हजारांच्या आसपास, बॅटरी, सर्व्हिसिंग, इन्शुरन्स, आरटीओचं काम.

आता महिन्याचं. हप्ता ६,४००. महिन्याला सहाशे किलोमीटर धरले तर पेट्रोल साडेतीन हजार, इन्शुरन्स महिन्याला हजार पडतो, मेंटेनन्सचे दीड हजार बाजूला. झाले १२,४००. त्यातून भाड्याचे ६,००० वाचले, म्हणजे नवीन ओझं ६,४०० चं, तुमच्या ९,००० मधून जाऊन २,६०० उरतात. ओढाताण आहे पण बसतं, आणि मुख्य म्हणजे सासऱ्यांना अचानक अॅडमिट करावं लागलं तर ६० हजार खात्यात आणि एफडीवरचे अजून १ लाख ७० हजार लगेच उचलता येतात. माझ्यासाठी या सगळ्यात हाच आकडा सगळ्यात महत्त्वाचा आहे.

नवी घ्यावी का असंही विचारलंत. प्रश्न बरोबर आहे कारण सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नवी बेस वॅगनआर एक्स-शोरूम ५ लाखांच्या आसपास आली. पण रोड टॅक्स, इन्शुरन्स धरून ती सहाच्या जवळ जाते आणि ५ लाखांचं लोन ९ टक्क्याने सात वर्षांसाठी घेतलं तरी हप्ता आठ हजारांच्या वर. एखाद्या वर्षी मोहोर जळला तर? म्हणून नवी आत्ता नको. पण हे डोक्यात ठेवून घासाघीस मात्र जरूर करा, कारण नवीची किंमत उतरली तर आठ वर्षांच्या जुनीची पण उतरायला हवी. आणि डीलर वरून जीएसटी वेगळा लागेल म्हणाला तर त्याला सांगा की जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी त्याच्या मार्जिनवर असतो, पूर्ण किमतीवर नाही.

आता त्या दोन गाड्या. स्विफ्ट सोडा. ओळखीतली आहे, स्वस्त आहे, सगळं कबूल, पण नाट्याला बंदराजवळ दहा-बारा वर्षं खाऱ्या वाऱ्यात उभी आणि तुम्हीच लिहिलंय की डिकीतून मासळीचे टप जायचे. बर्फाचं ते खारं पाणी मॅटखाली मुरतं आणि स्टेपनीच्या खड्ड्यापासून पत्रा खात जातं, वरून पॉलिश मारलं की काही दिसत नाही. शिवाय त्या वयाच्या डिझेलचा इंजेक्टर किंवा टर्बो गेला तर एका फटक्यात मोठी रक्कम जाते. आणि आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, पंधरा वर्षांची म्हणून २०२९ पर्यंत, मग फिटनेस करून पाच वर्षांसाठी रिन्यू. दीड लाखभर वाचल्यासारखे वाटतात तेवढंच.

वॅगनआर मॉडेल म्हणून तुम्हाला एकदम योग्य, उंच सीट, वयस्कर माणसाला वाकून बसावं लागत नाही, स्पेअर पार्ट राजापुरात पण मिळतात. पण २०१८ ची नको वाटते मला, कारण १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, मागचे पार्किंग सेन्सर, सीटबेल्टचा इशारा हे सगळ्या गाड्यांना सक्तीचं झालं, त्याआधीच्या खालच्या व्हेरियंटमध्ये एअरबॅग नसूही शकते. बाजूच्या सीटची तर २०२२ पासून सक्तीची. सासरे पुढेच बसणार ना? मग दोन एअरबॅगचं व्हेरियंट आहे का ते बघूनच घ्या, वॅगनआर बजेटमध्ये नाही बसली तर २०१९-२० ची सँट्रो किंवा एस-प्रेसो बघा, पण ही अट सोडू नका.

अजून एक शंका. ठाण्याची वॅगनआर, सेकंड ओनर. या गाड्या तिकडे टॅक्सीला खूप चालतात आणि नंतर प्रायव्हेट करून इकडे विकल्या जातात. एमपरिवहन अॅपवर नंबर टाका, कितवा मालक, इन्शुरन्स कधीपर्यंत, बँकेचा बोजा आहे का हे दिसतं. टॅक्सीचं मात्र डीलरला आरटीओचा जुना रेकॉर्ड दाखवायलाच सांगा. डिकीत सीएनजी सिलिंडर काढल्याची भोकं आहेत का बघा. ६२,००० किलोमीटर खरे का? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर देऊन सर्व्हिस हिस्टरी मागा, बहुतेक वेळा मिळते. टायरवर चार आकडे असतात, १७१८ म्हणजे २०१८ चा सतरावा आठवडा. क्लच-ब्रेकच्या पॅडलचं रबर गुळगुळीत, स्टेअरिंग चकाकलेलं आणि मीटरवर फक्त साठ हजार, तर मीटर मागे फिरवलाय समजा. ई-चलान पण बघा, मुंबई-ठाण्याच्या गाड्यांवर हजारोंनी थकलेली असतात.

पुराच्या गाडीबद्दल जरा जास्त बोलतो कारण आमच्या घरात हे झालंय. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलं, त्या वर्षी इतरही शहरांत पाणी आलं होतं. त्याच डिसेंबरात माझ्या आतेभावाने शहरातल्या एका डीलरकडून गाडी घेतली, आतून नवी कोरी वाटावी अशी साफ. एप्रिलमध्ये हातखंब्याजवळ चालत्या गाडीत सगळे दिवे लागून गाडी बंद पडली, मागे दोन लहान मुलं. मेस्त्रीने कार्पेट उचललं तर खाली वाळलेला गाळ. वायरिंग आणि ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, मिळून ४८,००० गेले, आणि ती गाडी घेऊन रात्री कुठे जायची भीती त्याची कधी गेलीच नाही, शेवटी तोट्यात विकली. त्यामुळे हात जोडून सांगतो, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, मातीची रेघ असेल तर दिसेल, सीटखालचे रेल गंजलेत का, फ्यूज बॉक्समध्ये हिरवट थर आहे का, काचा बंद करून दहा मिनिटं आत बसा, कुबट वास येतो का. नको तेवढा सुगंध मारलेला असेल तरी संशय घ्या.

बघायला जाताना तुमचा नेहमीचा मेस्त्री सोबत घ्या, त्याला दिवसाचे दीड-दोन हजार द्या, आनंदाने द्या. डीलरला आधीच सांगा इंजिन गरम करून ठेवू नको, थंडच स्टार्ट करायचंय. लिफ्टवर घेऊन खालचा पत्रा, सायलेन्सर, दरवाजाखालच्या पट्ट्या स्क्रूड्रायव्हरने टोकून बघू देत. आणि शोरूमभोवती एक फेरी मारून परत येऊ नका, घाटात न्या. कोल्हापूरहून गगनबावड्याच्या बाजूला एसी लावून चढावर दुसऱ्या गिअरमध्ये चालवून बघा, क्लच घसरतो का, टेम्परेचर चढतं का, उतरताना ब्रेकने गाडी एका बाजूला ओढते का. नाहीतरी अणुस्कुऱ्याने जा नाहीतर गगनबावड्याने, तिला तुमच्याकडे येताना घाट उतरायचाच आहे.

बांद्याच्या पलीकडून गोव्याची गाडी स्वस्त मिळते असं कोणीतरी सांगितलंय म्हणालात. मिळते, पण तिला तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), मग महाराष्ट्राचा टॅक्स, नवीन नंबर, हे सगळं धरलं की फरक बराचसा संपतो. सवड नसेल तर एमएच पासिंगच बरं.

पैसे देताना टोकन पाच हजाराच्या वर नको आणि लेखी पावती घ्या, ज्यात लिहिलेलं असेल की मेस्त्रीने नापसंत केली किंवा कागदात बोजा निघाला तर टोकन परत. बाकी सगळं बँकेतून. २ लाख किंवा त्यावर रोख घेणं कायद्यानेच बंद आहे, डीलर रोखीत थोडं कमी करतो म्हणाला तरी नको. जुनं लोन असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मूळ मालकाची सही समोर होत असेल तर उत्तम, आणि नावावर होईपर्यंत दहा-पंधरा हजार मागे ठेवा, चांगला डीलर याला नाही म्हणत नाही. तुमचं नाव आरसीवर चढवण्यात मालकाचाही फायदा आहे, कारण २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की रेकॉर्डवर ज्याचं नाव त्याच्यावर अपघाताची जबाबदारी. गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ घातलेली डिलिव्हरी नोट दोघांच्या सहीने करा.

इन्शुरन्सचं लोक हमखास विसरतात. थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचं कव्हर, तुमच्याकडे आपोआप येतं पण स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून हवं असेल तर चौदा दिवसांत पॉलिसी नावावर करायचा अर्ज द्यावा लागतो. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मालकाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे तो फरक तुम्हाला भरावा लागेल. ३५ हजारातच धरलाय मी.

राहता राहिले गणपती. गणपतीच्या आधी सगळ्यांनाच गाडी हवी असते आणि डीलरला ते माहीत असतं, आत्ता तो पाच हजारसुद्धा सोडणार नाही. दसरा-दिवाळीला लोक नवीन घेतात आणि जुन्या एक्स्चेंजला येतात, तेव्हा निवड पण जास्त आणि घासाघीस पण होते. तोवर पतपेढीचा अर्ज होऊन जाईल, आणि मधल्या दोन-अडीच महिन्यांत वीसेक हजार अजून साठतील, तेवढा ओव्हरड्राफ्ट कमी. गणपतीत दीरांची गाडी असेलच, विसर्जनानंतर सासऱ्यांची एक फेरी त्यांच्याच गाडीतून करून घ्या, त्यांनाही बरं वाटेल.

या आठवड्यात फक्त दोन कामं करा. पतपेढीत जाऊन २ लाखांना जामीनदार किती लागतात आणि मुदतीआधी फेडलं तर काही कापतात का हे विचारा, आणि बँकेत एफडीवरच्या ओव्हरड्राफ्टचा नेमका दर लिहून घ्या. दोन्ही आकडे मला कळवा, मग हप्ता तीन वर्षांऐवजी अडीचमध्ये बसवता येतो का ते बघू.