‘इव्हनसाँग’ला संध्यागीत म्हणावं का?

प्रश्न एका अनुवादकाचा आहे. कादंबरीतली पात्रं केंब्रिजला किंग्ज कॉलेजच्या चॅपलमध्ये ‘इव्हनसाँग’ ऐकायला जातात. तिथे ‘संध्यागीत’ चालेल का?

नाही चालणार. संध्यागीत म्हटलं की एखादी भावकविता आठवते. इव्हनसाँग ही अँग्लिकन चर्चची सायंकाळची उपासना, साधारण पाऊण तासाची. तिच्यात स्तोत्रं येतात, बायबलमधली दोन वाचनं येतात, प्रार्थना येतात. आणि वाचनं सोडली तर जवळजवळ सगळं गायलं जातं.

घोळ ‘साँग’मुळे होतो. जुन्या इंग्रजीत मठातल्या प्रत्येक वेळेच्या प्रार्थनेला हे शेपूट असे: पहाटेची ऊह्टसांग, रात्रीची निह्टसांग, सांजेची एफनसांग. बाकीची नावं मागे पडली, हे एवढं टिकलं. म्हणूनच गायक नसले तर नुसती म्हटलेली ‘सेड इव्हनसाँग’ही असते आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही. गायकवृंद असेल तर ‘कोरल इव्हनसाँग’. याच नावाचा बीबीसीचा रेडिओ कार्यक्रम 1926 पासून चालू आहे.

तिची आजची घडण कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस क्रॅनमर याची. 1549च्या, इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकात त्याने सांजेची ‘व्हेस्पर्स’ आणि झोपण्याआधीची ‘कॉम्प्लिन’ (आपल्या शेजारतीच्या वेळेची म्हणा) एकत्र केल्या. सांधा अजून दिसतो: पहिल्या वाचनानंतरचं मरीयेचं स्तोत्र ‘मॅग्निफिकॅट’ व्हेस्पर्सचं, दुसऱ्यानंतरचं वृद्ध शिमोनाचं ‘नुंक डिमिटिस’ कॉम्प्लिनचं. 1552च्या पुस्तकात मथळा बदलून ‘सायंकाळची प्रार्थना’ झाला, पण लोकांच्या तोंडचं नाव काही हललं नाही.

अनुवादकाला पुढे आणखी दोन खड्डे लागतील. एखादं पात्र ‘आज स्टॅनफर्ड इन सी होतं’ म्हणालं, तर त्याचा अर्थ वर सांगितलेली दोन स्तोत्रं (मॅग्निफिकॅट आणि नुंक डिमिटिस) स्टॅनफर्ड या संगीतकाराने सी स्वरावर बांधलेल्या चालीत झाली. शब्द रोज तेच, चाल बदलते. जाणकार जातात ते बरेचदा आज कोणाची चाल आहे ते पाहून. दुसरा खड्डा ‘अँथम’चा. त्याचं ‘राष्ट्रगीत’ करणारे महाभाग असतात! इथे अँथम म्हणजे प्रार्थनांच्या मध्ये गायकवृंदाने म्हणायची स्वतंत्र रचना. 1662च्या पुस्तकातली सूचनाच आहे की जिथे गायक आहेत, तिथे इथे अँथम घ्यावं.

‘डेकानी’ आणि ‘कँटोरिस’ हे शब्द आले तर घाबरू नका. गायक समोरासमोर दोन फळ्यांत बसतात. डीनच्या, म्हणजे चर्चच्या प्रमुख धर्माधिकाऱ्याच्या बाजूची डेकानी, मुख्य गायनाधिकाऱ्याच्या बाजूची कँटोरिस. स्तोत्राच्या ओळी आळीपाळीने म्हणतात. ही स्तोत्रं मात्र रोज वेगळी: बायबलच्या स्तोत्रसंहितेतली दीडशे स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांत, सकाळ-संध्याकाळ वाटलेली. पंधराव्या संध्याकाळी एकटं 78वं स्तोत्र येतं, चांगलं त्र्याहत्तर ओव्यांचं. त्या दिवशी पाऊण तासात आटपत नाही.

‘व्हेस्पर’ मात्र लिहू नये. गोव्यात फेस्ताच्या आदल्या संध्याकाळी व्हेस्पर होतात, पण ती कॅथलिक परंपरा. वाचकाची गल्लत होईल.

माझं मत: ‘इव्हनसाँग’ तसंच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘इव्हनसाँगला, म्हणजे चर्चमधल्या गायनाच्या सायंउपासनेला’ असं लिहा. क्रियापद ‘ऐकायला’पेक्षा ‘इव्हनसाँगला गेलो’ बरं, जसं आपल्याकडे ‘मिस्साला गेलो’ म्हणतात.