पायाची धमनी आणि तिचं आतलं अस्तर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वय ६२. दोन-तीनशे मीटर चाललं की उजव्या पोटरीत गोळा येतो, उभं राहिलं की तीन-चार मिनिटांत उतरतो. मांडीतली धमनी अरुंद झाल्याचं निदान आहे. डॉक्टर म्हणाले, ‘अस्तर बिघडलंय.’ मी तर समजत होतो की नळात गाळ साचावा तशी आत चरबी साचते. अस्तराचा इथे काय संबंध?

उत्तर : नळाची कल्पना आधी मनातून काढून टाका, कारण उपचारांबद्दलचे बरेच गैरसमज तिच्यातूनच येतात. धमनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, त्याला एंडोथेलियम म्हणतात. वरून रक्त वाहताना त्याचा जो घासता दाब पडतो, तो या पेशींना जाणवतो आणि त्या नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडतात. हा वायू भिंतीतल्या स्नायूपेशींत शिरला की धमनी सैल होते. चालताना पोटरीला जादा रक्त मिळतं ते काही अंशी याच्याच जोरावर. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटू न देणं हेही त्याचंच काम.

धमनी सैल होण्यात अस्तराचा हात असतो, हे अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर दाखवून दिलं. अस्तर शाबूत असेल तर ॲसिटिलकोलीन हे रसायन टाकल्यावर तुकडा सैल पडे. अस्तर खरवडून काढलं की तोच तुकडा सैल पडेनासा होई. १९९८ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात ते लुई इग्नारो आणि फेरीद मुराद यांच्यासह वाटेकरी होते.

सिगारेटचा धूर, वाढलेली साखर, चढा रक्तदाब आणि जास्तीचं एलडीएल (रक्तातलं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) या सगळ्यांमुळे अस्तरात ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार होतात. ते नायट्रिक ऑक्साइड जागीच नष्ट करतात. मग एलडीएल अस्तराखाली शिरून अडकतं, पांढऱ्या पेशी त्याच्या मागोमाग आत जातात, ते गिळून फुगतात आणि थर वाढत जातो. म्हणजे चरबी अस्तरावर बसत नाही, अस्तराखाली भिंतीच्या आत साठते. म्हणूनच ती धुऊन निघत नाही. धमनीला फाटा फुटतो तिथे प्रवाह विस्कळीत असतो, त्यामुळे अशा जागा आधी बिघडतात. मांडीत नेहमीची जागा म्हणजे गुडघ्याच्या थोडं वर, जिथे धमनी स्नायूंमधल्या बोगद्यातून जाते. मधुमेहात गुडघ्याखालच्या बारीक धमन्या जास्त बिघडतात.

प्रश्न : अस्तर किती बिघडलंय हे तपासता येतं का?

उत्तर : येतं, पण ते मुख्यतः संशोधनात. हातावर पट्टा फुगवून प्रवाह ५ मिनिटं अडवतात आणि सोडल्यावर दंडातली धमनी किती टक्के रुंदावते ते सोनोग्राफीवर मोजतात. निकाल जेवण, सिगारेट, खोलीचं तापमान अशा कशानेही बदलतो. एका रुग्णाचा उपचार त्यावर ठरवू नये.

तुमच्या कामाची तपासणी एबीआय, म्हणजे घोट्याचा रक्तदाब दंडाच्या किती पट आहे ते पाहणं. ती नीट करून घ्या, कारण घाईत ती हमखास चुकते. ५ ते १० मिनिटं आडवं पडून राहायचं. मग दोन्ही दंडांचा आणि दोन्ही घोट्यांचा वरचा रक्तदाब डॉपलरने (रक्तप्रवाह टिपणाऱ्या यंत्राने) मोजायचा. घोट्याच्या आतल्या बाजूची आणि पावलावरची अशा दोन्ही धमन्यांवर. त्या पायाचा मोठा आकडा भागिले दोन दंडांपैकी मोठा आकडा. दंडात १४० आणि घोट्यात ९८ आला तर ०.७०. निकाल ०.९० किंवा कमी असेल तर आजार आहे. १.४० च्या वर गेला तर खूश होऊ नका. मधुमेहात किंवा मूत्रपिंडाच्या आजारात धमनी कॅल्शियमने कडक होते, पट्ट्याने दबत नाही आणि आकडा खोटा चढतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायला सांगा.

प्रश्न : नायट्रिक ऑक्साइड वाढवण्यासाठी आर्जिनीनची पावडर घेऊ का?

उत्तर : नको. शरीर आर्जिनीनपासूनच नायट्रिक ऑक्साइड बनवतं, म्हणून कल्पना पटते. पण पायाच्या धमनीविकाराच्या रुग्णांना रोज ३ ग्रॅम असं ६ महिने देऊन पाहिलं, तेव्हा त्यांच्या चालण्यात औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांइतकीही सुधारणा झाली नाही. त्यापेक्षा स्टॅटिन चुकवू नका. ते एलडीएल उतरवतं आणि अस्तराची नायट्रिक ऑक्साइड बनवण्याची क्षमताही सुधारतं.

प्रश्न : चालल्यावर दुखतं आणि डॉक्टर म्हणतात चाला. पाय आणखी बिघडणार नाही ना?

उत्तर : नाही बिघडणार. हा या आजारातला सर्वांत जास्त टाळला जाणारा आणि सर्वांत गुणकारी उपचार आहे. आठवड्यातून निदान ३ दिवस, विश्रांती धरून ३० मिनिटांपासून सुरुवात. अशा वेगाने चाला की काही मिनिटांत पोटरी दुखू लागेल. दुखणं बऱ्यापैकी वाढेपर्यंत चाला, थांबा, ते पूर्ण जाऊ द्या, पुन्हा चाला. हळूहळू ४५ ते ६० मिनिटांवर न्या. १२ आठवड्यांच्या आत निष्कर्ष काढू नका. लोक चुकतात ते इथे : दुखायच्या आधीच थांबतात, किंवा दिवसभराची घरातली ये-जा मोजतात. वाढलेल्या प्रवाहाचा दाब पुन्हापुन्हा मिळाला की अस्तर सुधारतं, पोटरीचे स्नायूही ऑक्सिजन काटकसरीने वापरू लागतात. एबीआय फारसा बदलणार नाही. चालण्याचं अंतर वाढेल. हृदयाची तपासणी मात्र आधी हवी, कारण हाच बिघाड तिथल्या धमन्यांतही असू शकतो. पायावर जखम असेल किंवा झोपल्यावरही पाय दुखत असेल, तर हा व्यायाम सुरू न करता आधी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : आईच्या मांडीतल्या धमनीची अँजिओप्लास्टी झाली. आठ महिन्यांत दुखणं परत. काम नीट झालं नव्हतं का?

उत्तर : काम उत्तम होऊनही असं होतं. अँजिओप्लास्टीत धमनीच्या आत फुगवलेला फुगा ती उघडतो, पण त्या जागेचं अस्तर फाटतं. ते कडेच्या पेशींपासून सावकाश भरून येतं. तोवर आवर घालणारं कोणी नसल्याने खालच्या स्नायूपेशी वाढतात आणि वाट पुन्हा अरुंद होते. पहिल्या वर्षातच हे जास्त दिसतं. औषध लावलेला फुगा ही वाढ रोखतो. पण अशा औषधाने अस्तर भरायलाही उशीर होऊ शकतो, म्हणून गुठळी रोखणाऱ्या गोळ्या सांगितलेल्या मुदतीआधी बंद करायच्या नाहीत. पुढे बायपासची वेळ आली तर पायातली स्वतःची शीर वापरता येईल का, हे विचारा. तिला स्वतःचं जिवंत अस्तर असतं, त्यामुळे विशेषतः गुडघ्याखाली ती कृत्रिम नळीपेक्षा जास्त टिकते.

आईंचा पाय एकाएकी गार, पांढरा, बधिर पडला किंवा बोटं हलेनाशी झाली, तर सकाळची वाट पाहू नका. पाय वाचवायला हातात काही तासच असतात.